व्हिएतनाम: सह्या पाच जणांच्या, पाप कुणाच्या माथी?

रेडिओवाला
गेले पंधरा दिवस संध्याकाळी फिरायला निघालो की कानात जॉन्सनसाहेब असतात. लिंडन जॉन्सन, अमेरिकेचे छत्तिसावे अध्यक्ष. हा गृहस्थ समोरच्याला न सांगता आपले फोन टेप करायचा. त्या टेपा आता कुणालाही ऐकता येतात. त्यातला २७ मे १९६४ चा दिवस मी तीनदा ऐकला. आधी सिनेटर रिचर्ड रसेल यांच्याशी बोलणं, लगेच सल्लागार मॅकजॉर्ज बंडींशी. सूर असा की ही भानगड लढण्याच्या लायकीची नाही, पण बाहेरही पडता येत नाही. मध्येच घरी कामाला असलेल्या सार्जंटची आठवण काढतो. सहा पोरांचा बाप, त्याला मी कशासाठी तिकडे धाडू? आणि रसेलना विचारतो, पळ काढणाऱ्या अध्यक्षावर हे लोक महाभियोग चालवतील, नाही का?

तेव्हा दक्षिण व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सोळा हजारांच्या आसपास 'सल्लागार' होते. १९६५ संपताना १,८४,००० सैनिक झाले. १९६८ अखेर ५,३६,०००.

युद्ध कसं हरले, जंगलात काय झालं, यावर इथे आधी दोन-तीन धागे येऊन गेलेत. मला राजकीय जबाबदारीबद्दल बोलायचंय. ट्रुमन, आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन, निक्सन, पाच जणांनी सह्या केल्या. सल्लागारांनी टिपणं लिहिली, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, हात वर करून मंजुरी दिली, जनतेने मतं दिली. मग हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे हाणायला सोपं जाईल. जॉन्सन. इतर चुकले असतील, पण याला कळत होतं. कळून सवरून दुसऱ्याच्या पोराला पाठवायचं आणि कारण काय, तर निवडणूक.

चहाटळ
काका, फिरायला जाताना लोक भावगीतं ऐकतात हो.

पानसुपारी
वा, बऱ्याच दिवसांनी चांगला विषय. पण जॉन्सनवर खापर फोडणं म्हणजे खानदानी कर्जाची जप्ती ज्याच्या हयातीत आली त्यालाच उधळ्या ठरवण्यासारखं आहे.

पहिला जामीन ट्रुमन राहिले. १९५० मध्ये फ्रेंचांना इंडोचायनातली त्यांची वसाहत टिकवण्यासाठी पैसा आणि शस्त्रं द्यायला सुरुवात झाली. त्याच्या आदल्या वर्षी चीन माओकडे गेला होता आणि 'चीन कुणी घालवला' म्हणून विरोधक त्यांच्या मानगुटीवर बसले होते. १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या लढाईचा पाऊणहून जास्त खर्च अमेरिका उचलत होती. फ्रेंच दिएन बिएन फूला हरून निघून गेले, कर्जाची वही तेवढी वॉशिंग्टनला राहिली.

पुढचा हप्ता आयझेनहॉवर यांचा. व्हिएतनामची उत्तर-दक्षिण तात्पुरती वाटणी करणाऱ्या १९५४ च्या जीनिव्हा करारात जुलै १९५६ ला सगळ्या व्हिएतनाममध्ये निवडणुका व्हायच्या ठरल्या होत्या. अमेरिकेने त्यावर सही केली नाही. दक्षिणेत न्गो दिन्ह झिएम याला उभं केलं आणि त्याने निवडणुका नाकारल्या तेव्हा मान डोलावली. या झिएमने १९५५ मध्ये सार्वमत घेतलं त्यात त्याला ९८ टक्के मतं! दक्षिणेच्या राजधानीत, सायगावात तर नोंदलेल्या मतदारांपेक्षा मतं जास्त पडली.

चहाटळ
आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत याहून वाईट झालंय, पण आम्हाला कुणी हेलिकॉप्टरं दिली नाहीत.

कर्वेरोडकर
पानसुपारींचा मुद्दा कळला, पण पटला नाही. आयझेनहॉवर हे उलट उदाहरण आहे. दिएन बिएन फूला वेढा पडला तेव्हा फ्रेंच अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं मागत होते. बाहेरून दबाव होता, घरातले काही सेनाधिकारी तयार होते. भूदलाचे प्रमुख रिजवे यांनी मात्र हिशेब मांडून 'नको' सांगितलं. ३ एप्रिल १९५४ ला परराष्ट्रमंत्री डलस यांनी काँग्रेसच्या पुढाऱ्यांना बोलावून पाठिंबा मागितला. पुढाऱ्यांनी विचारलं, आपल्याबरोबर आणखी कोण येतंय? ब्रिटन आधी कबूल होऊ दे, मग बघू. ब्रिटनने नकार दिला, विषय संपला.

आता गंमत अशी की त्या खोलीत विचारणाऱ्यांमध्ये सिनेटमधला डेमोक्रॅट नेता होता लिंडन जॉन्सन. आणि रसेलही. म्हणजे बरोबर प्रश्न कोणता हे या माणसाला दहा वर्षं आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे निकाल काकांच्या बाजूने.

रेडिओवाला
@कर्वेरोडकर, हे ठाऊक नव्हतं. दंडवत घ्या.

पाटीवरचा_ब्रश
केनेडी जगले असते तर हे झालंच नसतं. ऑक्टोबर १९६३ मध्ये त्यांनी वर्षअखेर एक हजार जण परत आणायचा निर्णय मंजूर केला होता. सप्टेंबरच्या टीव्ही मुलाखतीत सरळ म्हणाले होते की शेवटी ही लढाई त्यांची आहे, त्यांनीच जिंकायची की हरायची.

पानसुपारी
त्याच मुलाखतीत 'आपण निघून यावं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही' असंही आहे, ते कोण वाचणार? ते आले तेव्हा सल्लागार हजाराच्या आत होते, गेले तेव्हा सोळा हजार. आणि झिएमचं काय? जून १९६३ ला सायगावच्या चौकात थिक क्वांग डुक या भिक्षूने स्वतःला पेटवून घेतलं, तो फोटो जगभर गेला. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनहून राजदूताला तार गेली की झिएम सुधारत नसेल तर दुसऱ्या नेतृत्वाचा विचार करा. १ नोव्हेंबरला सेनापतींनी बंड केलं, दुसऱ्या दिवशी झिएम आणि त्याचा भाऊ ठार. केनेडींना त्या खुनांचा धक्का बसला, हे खरं. पण ज्या घराचा कर्ता तुमच्या संमतीने हटवला त्या घराचं पुढचं सगळं तुमच्या गळ्यात येतं. तीन आठवड्यांत केनेडीही गेले आणि हे घर जॉन्सनच्या अंगणात येऊन पडलं.

पाटीवरचा_ब्रश
मान्य. पण 'जगले असते तर' म्हणायची सोय तरी ठेवा की राव, माझ्या वडिलांच्या खोलीत अजून त्यांचा फोटो आहे.

मीरा_एडिसन
मी तीस वर्षं इकडे जर्सीत आहे, तर काँग्रेसबद्दल लिहिते. इकडच्या चर्चेतही सगळे अध्यक्षांवरच घसरतात आणि ते पाचशेपस्तीस लोक मागच्या दाराने निसटतात.

२ ऑगस्ट १९६४ ला टोंकिनच्या आखातात 'मॅडॉक्स' या अमेरिकी विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी हल्ला केला. तो खराच झाला. ४ तारखेच्या रात्री दुसरा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं आणि तो झालाच नव्हता. खराब हवा, रडार आणि सोनारवरचे भास. तिथल्या कमांडरने त्याच दिवशी तार करून शंका कळवली होती. तरी ७ तारखेला ठराव आला की अध्यक्षांनी आवश्यक ते सगळं करावं. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन.

ते दोन म्हणजे ओरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग. मोर्स यांनी सभागृहात बजावलं की घटनेने युद्ध पुकारायचा जो अधिकार आपल्याला दिलाय तो आपण कोऱ्या चेकवर सही करून देतोय. १९६८ मध्ये दोघांच्याही जागा गेल्या. बाकीच्या अठ्ठ्याऐंशींपैकी कितीतरी जण पुढे युद्धविरोधी म्हणून नावाजले. ठराव सिनेटमधून पार करणारे फुलब्राइट यांनीच १९६६ ला टीव्हीवर गाजलेल्या सुनावण्या घेतल्या. त्यांना निदान लाज वाटली, हेही बोलायला हवं.

माझं म्हणणं असं की फसवणूक झाली हे खरं. पण ज्याला फसवून घ्यायचंच असतं त्याला फसवायला फार कष्ट पडत नाहीत. निवडणूक तीन महिन्यांवर होती.

उंडगा
वाचनखूण साठवली. ताईंचा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे.

बार्शीचा_बाळू
मी काय इतिहासाचा माणूस नाही. पण व्हिएतनामचं युद्ध आमच्या ताटात आलं होतं एवढं माहितीय. आमची आजी मिलोच्या भाकरीची गोष्ट सांगायची. लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. भाकरी थापताना तुटायची, रंग बघून पोरं तोंड फिरवायची. ती म्हणायची, "आमेरिकेत ढोरास्नी घालत्यात, ती आपुन खाल्ली." ह्याचा आणि जॉन्सनचा संबंध हाय का नाही?

कर्वेरोडकर
आहे, बाळूभाऊ, सरळ संबंध आहे. १९६५ आणि १९६६ ला लागोपाठ पाऊस दगा देऊन गेला. १९६६ साली देशाने एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणलं, त्यातला मोठा वाटा अमेरिकेच्या 'पीएल ४८०' या धान्यमदतीच्या कायद्याखालचा. जॉन्सन ते धान्य वर्षाचं एकदम द्यायचे नाहीत. महिन्या-महिन्याला फाईल स्वतः बघून सोडायचे. इकडे बंदरात जहाज लागणार तेव्हा चुली पेटणार, अशी वेळ आली होती. इंदिराबाई मार्च १९६६ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन आल्या, जॉन्सन खूश. जुलैत मॉस्कोच्या संयुक्त पत्रकात व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीचा निषेध आला आणि साहेब भडकले. आपल्या शेतीधोरणात सुधारणा व्हावी हाही त्यांचा हेतू होता, पण व्हिएतनामचा राग त्या फायलींत होताच.

चहाटळ
आणि गव्हाबरोबर गाजरगवत फुकट! पुणेकरांनी तक्रार केली नाही?

कर्वेरोडकर
केली असेल, पण दुपारी एक ते चार ऐकायला कुणी नव्हतं. बाकी गाजरगवत त्याच गव्हातून आलं ही सर्रास समजूत आहे. पुण्यात ते पसरलेलं १९५० च्या दशकात ध्यानात आलं, म्हणजे जॉन्सनच्या आधीच. ते पाप त्यांच्या माथी नको.

उंडगा
अवांतर: कोलकात्यात 'आमार नाम तोमार नाम व्हिएतनाम' अशा घोषणा होत्या. आणि अमेरिकेचा वाणिज्य दूतावास ज्या रस्त्यावर आहे त्याचंच नाव बदलून उत्तर व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांच्यावरून हो चि मिन्ह सरणी केलं. लेटरहेडवर रोज हो चि मिन्ह! जॉन्सनचे आधीचे संरक्षणमंत्री मॅकनमारा जागतिक बँकेचे अध्यक्ष म्हणून १९६८ ला तिथे गेले तर शहर पेटलं होतं. अख्ख्या जगात राजकीय जबाबदारी निश्चित करून मोकळं झालेलं हे एकच शहर.

सह्याद्रीपुत्र
श्रीलंकेत आपण १९८७ ला सेना पाठवली तेव्हा काय वेगळं होतं? सुमारे १२०० जवान गेले. त्यावर कोण बोलणार? दुसऱ्याच्या घरातलं कुसळ...

संपादक
श्रीलंकेसाठी वेगळा धागा काढा, आनंदाने प्रतिसाद देऊ. याचं काश्मीर करू नये ही विनंती.

मामेआजोबांची_नात
इतके दिवस नुसती वाचक होते, आज लॉगिन केलं. माझे मामेआजोबा लष्कराच्या सिग्नल्समध्ये होते आणि आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाबरोबर व्हिएतनामला राहून आले होते. जीनिव्हा करार पाळला जातोय का हे बघायला १९५४ मध्ये हा आयोग नेमला. भारत अध्यक्ष, कॅनडा आणि पोलंड सदस्य. आजोबा सांगायचे, "आमचं काम म्हणजे दोन भावांच्या बांधावर बसून कोण किती फूट सरकला ते लिहायचं, आणि लिहिलेलं कुणी वाचायचं नाही."

पण लिहिलं होतं, हे महत्त्वाचं. जून १९६२ च्या अहवालात भारत आणि कॅनडाने दोन्ही बाजूंना धरलं. उत्तरेकडून माणसं आणि शस्त्रं दक्षिणेत येतायत, आणि अमेरिकेची लष्करी मदत कराराच्या मर्यादेबाहेर गेलीय. पोलंडने वेगळं मत दिलं. म्हणजे 'हळूहळू कधी आत गेलो कळलंच नाही' हे जे नंतर सांगितलं जातं, ते खरं नाही. दर पायरीची नोंद होत होती, आणि ती करणाऱ्यांत आपली माणसं होती.

पानसुपारी
ताई, लिहीत राहा. या धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद.

लाल_सलाम_ते_हरी_ओम
सगळे वॉशिंग्टनमध्येच अडकलात. व्हिएतनामी लोक काय फक्त मरायला होते? उत्तरेच्या राजधानीत, हनोईत १९६० पासून ले झुआन पक्षाचा पहिला सचिव. डिसेंबर १९६३ च्या बैठकीत त्याच्या गटाने दक्षिणेत मोठं युद्ध करायचा ठराव रेटला. सबुरीने घ्या म्हणणारे बाजूला पडले, खुद्द हो चि मिन्ह यांचा शब्दही पूर्वीसारखा चालेना. चीनने १९६५ ते ६९ मध्ये मिळून तीन लाखांवर माणसं उत्तरेत पाठवली, रस्ते, रेल्वे आणि विमानविरोधी तोफांसाठी. सोव्हिएत क्षेपणास्त्रं वेगळी. मी तरुणपणी त्यांच्या बाजूने मोर्चात होतो, आजही स्वातंत्र्याच्या लढ्याबद्दल आदर आहे. पण युद्ध वाढवायचा निर्णय दोन्ही राजधान्यांत झाला.

मीरा_एडिसन
खरंय. पण धागा महासत्तेच्या जबाबदारीचा आहे. ले झुआन आपल्या देशासाठी लढत होता. जॉन्सनच्या मतदाराला सायगाव नकाशावर दाखवता आलं नसतं.

लाल_सलाम_ते_हरी_ओम
म्हणून मेलेल्यांना फरक पडतो का? त्यांची गिनती दहा-वीस लाखांपासून तीस लाखांपर्यंत सांगतात.

मीरा_एडिसन
नाही पडत. हे तुमचं बरोबर.

कर्वेरोडकर
काकांच्या मूळ मुद्द्यात एक भगदाड आहे, ते दाखवतो. काका म्हणतात कारण निवडणूक. १९६४ पुरतं ठीक. प्रचारात जॉन्सन सांगत होते की आशियाई पोरांनी करायचं काम करायला मी अमेरिकी पोरं पाठवणार नाही. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांना युद्धखोर ठरवून ६१ टक्के मतं घेतली, ४४ राज्यं खिशात. मग फेब्रुवारी १९६५ मध्ये उपाध्यक्ष हम्फ्री यांनी त्यांना टिपण दिलं. सैन्याचं गणित बाजूला ठेवून त्यात फक्त राजकारण सांगितलं होतं. विरोधी पक्षाची भीती न बाळगता या प्रश्नातून अंग काढायचं असेल तर हेच साल, १९६५ मध्ये राजकीय धोका सगळ्यात कमी. असा सल्ला मुरलेल्या राजकारण्याने दिला. जॉन्सननी काय केलं? हम्फ्रींना पुढे कित्येक महिने व्हिएतनामच्या बैठकांतूनच दूर ठेवलं. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल लांबलचक टिपणं लिहून हेच सांगत होते. त्यांना बोलू दिलं, ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

२ मार्चला उत्तरेवर सलग बॉम्बफेक सुरू. ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर ३,५०० मरीन उतरले, कशाला तर विमानतळाच्या राखणीला. निवडणूक तर चार महिन्यांपूर्वीच जिंकली होती. मग निवडणुकीची भीती हे कारण कसं पुरेल?

चहाटळ
राखणीला आलेला पाहुणा घर कधी सोडत नाही, हा वैश्विक नियम आहे. आमच्याकडे आत्तोबा आहेत.

टाकमटोक
कर्वेरोडकरांना पुढे नेतो. सोव्हिएत संघ घ्या. तिथे निवडणूकच नव्हती! १२ डिसेंबर १९७९ ला अफगाणिस्तानात सैन्य घालायचा निर्णय झाला. आजारी ब्रेझनेव्ह, आणि आंद्रोपोव्ह, उस्तिनोव्ह, ग्रोमिको ही मंडळी. ठराव चेर्नेन्को यांनी हाताने लिहिला, आणि त्यात देशाचं नाव नाही. शीर्षक काय, तर 'अ' मधील परिस्थितीविषयी! टंकलेखकालाही कळू नये. सेनाप्रमुख ओगार्कोव्ह विरोधात होते. पंतप्रधान कोसिगिन यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये अफगाण नेत्याला सैन्य द्यायला नकार दिला होता, ते या बैठकीला नव्हते. नऊ वर्षं, त्यांचे सुमारे १५,००० सैनिक मेले, अफगाण तर लाखांनी.

म्हणजे मतदार नसतानाही तोच खड्डा. त्यामुळे लोकशाहीला दोष देणं पुरेसं नाही.

आणि टोमणा असा की हिशेब तिथेच झाला. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्या लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने तो निर्णय नैतिक आणि राजकीयदृष्ट्या निषेधार्ह असल्याचा ठराव केला. अमेरिकेच्या काँग्रेसने काय केलं? जानेवारी १९७१ मध्ये टोंकिनचा ठराव रद्द केला, तरी युद्ध पुढे दोन वर्षं चालूच. अध्यक्षांना लगाम घालणारा कायदा १९७३ चा, तोही निक्सन यांचा नकाराधिकार डावलून.

पाटीवरचा_ब्रश
निसटलेला आरोपी आता आला! निक्सन. १९६८ च्या निवडणुकीच्या तोंडावर पॅरिसच्या वाटाघाटी पुढे सरकत होत्या. निक्सनसाठी निधी गोळा करणाऱ्या ॲना शेनॉल्ट या बाईंमार्फत सायगावला निरोप जात होता, थांबा, आमच्या राज्यात बरं मिळेल. त्यात खीळ घालायचा निक्सन यांचा आदेश त्यांचे सहायक हॉल्डमन यांच्या हस्ताक्षरातल्या टिपणांत सापडलाय. मग कंबोडियावर गुप्त बॉम्बफेक, मग कंबोडियात सैन्य, केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात ठार. अमेरिकेचे २०,००० हून जास्त सैनिक निक्सन यांच्या काळात मेले, तेही युद्ध जिंकता येत नाही हे त्यांना स्वतःला कळल्यावर.

रेडिओवाला
शेनॉल्ट प्रकरण माझ्या टेपांत आहे! जॉन्सनना ते ऐन निवडणुकीत कळलं होतं. रिपब्लिकन नेते डर्कसन यांच्याशी फोनवर याला देशद्रोह म्हणतात. आणि बाहेर एक शब्द बोलत नाहीत, कारण माहिती चोरून ऐकून मिळालेली. दोघांची तोंडं एकमेकांच्या हातात.

आता कर्वेरोडकर आणि टाकमटोक यांना उत्तर. दोन दिवस विचार केला. भगदाड मान्य. 'निवडणूक' हा शब्द मी घाईने वापरला. मला जे दिसतंय ते २८ जुलै १९६५ ला जास्त स्पष्ट होतं. त्या दिवशी जॉन्सननी सैन्य ७५,००० वरून १,२५,००० करत असल्याचं जाहीर केलं. केव्हा? भरदुपारी, पत्रकार परिषदेत, जेव्हा लोक कचेऱ्यांत असतात. त्याच परिषदेत आपले मित्र एब फोर्टस यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमत असल्याची बातमी. राखीव दलं बोलावली नाहीत, कर वाढवला नाही, काँग्रेसकडे नवा ठराव मागितला नाही. मंजूर केलेला आकडा जाहीर केलेल्यापेक्षा मोठा होता, 'लागतील तसे आणखी पाठवू' एवढंच सांगितलं. दोन दिवसांनी मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही, आणखी आठवड्याने मतदान हक्काच्या कायद्यावर. ही दोन्ही कामं खरोखर मोठी होती. ती वाचवायची म्हणून युद्ध हळू आवाजात वाढवलं.

म्हणून माझा आरोप बदलतो. युद्धात जाणं हा निर्णय चुकू शकतो, सगळ्यांचे चुकतात. पण लोकांसमोर मांडलं असतं तर लोकांची जबाबदारी झाली असती. त्यांनी मांडलंच नाही, त्यामुळे ती पूर्ण त्यांच्याकडेच राहिली. चेर्नेन्कोंनी देशाचं नाव गाळलं, यांनी आकडा गाळला. दोघांचं जुळतं ते इथे.

पानसुपारी
हे मला आधीपेक्षा बरं वाटतं. फक्त एक. ऑगस्ट १९६५ च्या गॅलपच्या जनमत चाचणीत सैन्य पाठवणं चूक होती असं म्हणणारे २४ टक्केच. मांडलं असतं तर लोकांनी 'हो'च म्हटलं असतं. मग तुमचा आरोपी सुटला असता का?

रेडिओवाला
एकटा अडकला नसता. मला तेवढंच म्हणायचंय.

कर्वेरोडकर
आणि मॅकनमारा? आकड्यांचा बादशहा. १९६७ पर्यंत त्यालाही आतून खात्री उरली नव्हती. त्यानेच करवून घेतलेला सात हजार पानांचा गुप्त इतिहास १९७१ मध्ये वर्तमानपत्रांत फुटला. फोडणारे डॅनियल एल्सबर्ग त्या कामातलेच. मॅकनमारा स्वतः १९९५ पर्यंत गप्प, मग आठवणी लिहून कबूल केलं की आम्ही चुकलो, भयंकर चुकलो. सत्तावीस वर्षं उशिरा. मंत्र्याने राजीनामा देऊन बाहेर बोलायचं की आत राहून वजन वापरायचं, हा प्रश्न मला जॉन्सनपेक्षा जास्त छळतो.

बार्शीचा_बाळू
आमच्यात म्हणत्यात, पंचायतीत गप बसला आन् मसणवट्यात रडला.

मीरा_एडिसन
उशिरा लिहितेय. गेल्या उन्हाळ्यात सासरे आले होते, त्यांना वॉशिंग्टनला व्हिएतनामची भिंत दाखवायला नेलं. काळा ग्रॅनाइट, त्यावर ५८ हजारांवर नावं. सासरे सिव्हिलवाले, आयुष्य दगड-सिमेंटात गेलं. हात लावून म्हणाले, "सूनबाई, हा आपल्याकडचा दगड दिसतो." मी हसले. मग तिथल्या माणसाला विचारलं, तर खरंच बंगळूरहून आणलेला.

नावं मृत्यूच्या तारखेप्रमाणे आहेत. दोन भिंती मधे कोनात मिळतात. सुरुवात त्या कोनापासून, १९५९, आणि नावं उजवीकडे पूर्वेच्या भिंतीवर चालत जातात. आधी अगदी थोडी, मग १९६५ नंतर दाटी. पूर्वेचं टोक जमिनीला टेकतं तिथे मे १९६८ आलेला असतो. मग पश्चिमेच्या टोकापासून पुढची नावं परत मध्याकडे येतात आणि १९७५ हे १९५९ च्या शेजारी येऊन संपतं. हा धागा वाचताना ते आठवलं. एक हात जवळजवळ सगळा जॉन्सनचा, दुसरा बराचसा निक्सनचा.

पाटीवरचा_ब्रश
पश्चिमेच्या हातावरचीही सुरुवातीची हजारो नावं जॉन्सनच्याच कारकिर्दीतली. जानेवारी १९६९ पर्यंत तेच होते.

मीरा_एडिसन
हो, म्हणून 'बराचसा' म्हटलं. सासऱ्यांनी २८ जुलै १९६५ च्या आसपासची नावं कुठे असतील ते विचारलं असतं तर मी त्यांना मध्यापासून फार लांब नेलं नसतं. दोन-तीन पावलं. बाकी सगळी भिंत त्याच्या पुढे.

लाल_सलाम_ते_हरी_ओम
आणि व्हिएतनामी नावांसाठी किती लांब भिंत लागली असती, हेही सासऱ्यांना विचारा. सिव्हिलवाले आहेत, हिशेब करतील.

मीरा_एडिसन
विचारते.

रेडिओवाला
सगळ्यांचे आभार. उद्यापासून जुलै १९६५ च्या टेपा सुरू करतोय.

चहाटळ
काका, आणि भावगीतं?